वीजबिल मालकाच्या नावावर: एका भाडेकरू बाईच्या मतदार नोंदणीचं प्रकरण

हे प्रकरण एका बाईचं आहे आणि थोडं माझंही. मी छत्रपती संभाजीनगरात शिक्षिका आहे आणि २०२१ पासून बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम माझ्याकडं आहे. मुकुंदवाडी आणि चिकलठाणा एमआयडीसीच्या मधल्या पट्ट्यातली एक वसाहत माझ्या यादीत येते. या बाईचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात होता. तिचं नाव, गल्ली आणि गाव मुद्दाम गाळलं आहे.

२०१८ साली मराठवाड्यात पाऊस पडलाच नाही म्हणावं असा गेला. बीड जिल्ह्यातलं हे जोडपं त्या वर्षी शहरात आलं. त्याआधी दोन हंगाम त्यांनी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीचा कोयता केला होता. मुलं शाळेच्या वयाची झाली, तेव्हा बाईनंच हट्ट धरला की आता फडावर जायचं नाही. नवरा एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागला आणि ती सिडकोत चार घरची धुणी-भांडी करू लागली. पत्र्याची दहा बाय दहाची एक खोली मिळाली. तशा आठ खोल्या एका ओळीत, मीटर एक, तेही मालकाच्या नावावर, आणि प्रत्येक दाराशी सब-मीटर. भाडं रोख द्यायचं, पावती नाही. नळाला पाणी आठवड्यानं आलं तर नशीब, म्हणून दाराबाहेर निळे ड्रम. आमच्या भागात कुठल्या खोलीत भाडेकरू राहतात ते ड्रमांवरून कळतं.

जून २०२३ मध्ये मुलाच्या दाखल्यासाठी ती शाळेत आली आणि जाता जाता म्हणाली, “मॅडम, माझं नाव हितं बसंल का? गावाकडं जाणं काही होत नाही.”

मी कागद मागितले. आधार कार्डावर माहेरचा पत्ता आणि माहेरचं आडनाव. मतदार कार्डही माहेरचंच. लग्नाच्या आदल्या वर्षी गावातल्या कुणीतरी एका दमात सगळ्या पोरींची नावं घालून घेतली होती. बँकेचं पासबुक सासरच्या गावाजवळच्या शाखेचं. रेशन कार्ड सासऱ्यांच्या नावावर. बाई एक, कागद दोन गावांत, आणि पाच वर्षं जिथं ती राहत होती त्या तिसऱ्या ठिकाणचा एकही कागद नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण मलाही ते काम अंगावर पडेपर्यंत ठाऊक नव्हतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ प्रमाणे ज्या मतदारसंघात माणूस ‘सामान्यतः राहतो’ तिथं त्याचं नाव हवं. कलम २० मधलं पहिलंच वाक्य मला फार आवडतं. केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून तो माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे कायद्यानं घराची मालकी आणि मताचा हक्क यांची गाठ सोडवून ठेवली आहे. गावात चिरेबंदी वाडा असून तुम्ही राहत नसाल तर तुम्ही तिथले मतदार नाही. पत्र्याच्या खोलीत झोपत असाल तर आहात.

मग अर्जाचा नमुना हातात घ्या. पत्त्याच्या पुराव्यासाठी त्यात यादी आहे: किमान एक वर्षाचं पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत खरेदीखत, आणि भाडेकरू असेल तर नोंदणीकृत भाडेकरार. यातला कागद अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचा लागतो, नाहीतर त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या आई-वडिलांच्या, नवरा-बायकोच्या किंवा सज्ञान मुलाच्या. घरमालकाचं बिल चालत नाही. कलम २० नं सोडवलेली गाठ पुराव्याच्या या रकान्यात पुन्हा बसते. मुद्दाम कुणी मारलेली नाही, पण बसते.

भाडेकरार करून घ्या, असं सांगायला मीच तिच्या मालकाकडं गेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालक शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “मॅडम, करार करायला आधी माझा कागद पाहिजे ना. आमचीच जागा बॉन्डवरची.”

त्यांचं खोटं नव्हतं. तो प्लॉट गुंठेवारीतला. शेतजमिनीचे तुकडे पाडून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्टॅम्प पेपरवर विकलेले. शहरात अशा वसाहतीच्या वसाहती उभ्या आहेत. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, पुढं २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मुभा मिळाली, पण शुल्क भरून फाइल पूर्ण करणारे थोडे. ज्याच्या स्वतःच्या मालकीचा कागद अर्धवट, तो भाडेकरूला नोंदणीकृत करार कुठून देणार? वर नोंदणीची शहरी फी एक हजार, मुद्रांक शुल्क, दलालाचे पैसे वेगळे. करार अकरा महिन्यांचा. तीन हजारांच्या खोलीसाठी दरवर्षी एवढा खर्च कोण करेल? आणि न बोललेली भीती अशी की कागद झाला की भाडेकरू हक्क सांगेल.

पुढच्या वर्षी याच मालकांचा मुलगा अठराचा झाला. नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराचा अर्ज, जन्मदाखला, फोटो, आणि वडिलांच्या नावाचं वीजबिल. माझ्या मोबाइलवर अर्ज भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याच मीटरचं बिल, ज्यातली निम्म्याहून जास्त वीज आठ खोल्यांतले भाडेकरू जाळतात. मुलाचा यात काही दोष नाही. हुशार पोरगा आहे, कार्ड आल्यावर पेढा घेऊन आला होता.

तरी वाट बंद नव्हती. कागद नसेल तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करावी, अशी सोय नमुन्यातच आहे. बेघर माणसाच्या बाबतीत तर बीएलओनं रात्री जाऊन तो खरंच तिथं झोपतो का ते बघावं, एकाहून जास्त रात्री बघावं, अशा सूचना आहेत. मी बाईचा नमुना ८ भरला, म्हणजे पत्ता बदलल्याचा. आडनावाच्या दुरुस्तीलाही तोच नमुना. शेजारच्या दोघींना विचारून अहवाल लिहिला. पावसाळा संपता संपता तिचं नाव आमच्या यादीत आलं. माहेरचं आपोआप निघालं. कार्डाचा क्रमांक तोच राहिला.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

दसऱ्याला मालकांनी पाचशे रुपये भाडं वाढवलं. दोघांनी सामान हातगाडीवर टाकलं आणि रस्त्यापलीकडच्या गल्लीत दुसरी खोली घेतली. दोनशे पावलंही नसतील. पण मधला रस्ता ही यादीच्या दोन भागांची हद्द आहे. खोली बदलली की मतदार यादीचा भागही बदलतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये यादीची पुनरीक्षण मोहीम चालू होती. शाळा दुपारची, म्हणून मी सकाळी दहाच्या सुमारास घरोघरी फिरत होते. त्या वेळी भाड्याच्या खोल्यांना कुलपंच असतात. नवरा पहिल्या पाळीला, बाई सिडकोत, मुलं शाळेत. तिच्या जुन्या खोलीत मात्र नवं बिऱ्हाड होतं. “ते गेले की खोली सोडून,” एवढंच त्यांनी सांगितलं. कुठं गेले, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मला आणखी तीन गल्ल्या उरकायच्या होत्या. रजिस्टरात तिच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ लिहिलं. ते माझ्याच अक्षरात आहे.

नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, कलम २२ तसं स्पष्ट म्हणतं. नोटीस निघालीही. पण ती जाते यादीतल्या पत्त्यावर, म्हणजे जी खोली तो माणूस सोडून गेलाय त्याच खोलीवर. घर बदलल्याची नोटीस जुन्या घरी. मालक असलेल्या मतदाराला हा विनोद कधी कळणार नाही, कारण त्याचं टपाल त्याच्याच दारात पडतं. बाईचं नाव कमी झालं.

१३ मे २०२४. लोकसभेचं मतदान आमच्याकडं आणि बीड, जालन्यात एकाच दिवशी होतं. उन्हाचा कडाका नको म्हणून ती सकाळी सातलाच रांगेत लागली, हातात कार्ड. यादीत नाव नाही. केंद्रावरच्या लोकांनी वर-खाली दोनदा पाहिलं आणि तिला बाजूला उभं केलं. कार्ड हे ओळखपत्र आहे, मताचा हक्क यादीतल्या नावातून येतो. कार्ड नसलं तरी आधार, पॅन, रोजगार हमीचं जॉब कार्ड अशा दुसऱ्या ओळखपत्रांवर मत देता येतं. नाव नसलं तर काहीच चालत नाही. ही गोष्ट शिकलेल्या माणसांनाही माहीत नसते. ती तिथून थेट कामावर गेली. संध्याकाळी माझ्याकडं आली तेव्हा चिडलेली नव्हती. तिला वाटत होतं, तिचंच काहीतरी चुकलं असणार. मी तेव्हा तिला सांगितलं की चूक कुणाची होती.

दुसरी खटपट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. आता नाव पूर्ण कमी झालेलं, त्यामुळं नमुना ८ चालेना, नव्या मतदाराचा नमुना ६ भरावा लागणार. त्यात प्रतिज्ञापन आहे की मी प्रथमच नाव नोंदवत आहे. तिनं ते मला वाचायला लावलं आणि विचारलं, “पहिल्यांदाच कसं म्हणू? कार्ड तर पर्समध्ये हाय माझ्या.” खोटं प्रतिज्ञापन केलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याच कागदावर छापलेलं. ज्याला पोलीस चौकीची पायरी चढायची नसते, तो माणूस अशा ओळीपाशी थांबतो. मी समजूत घातली, की सध्या तुमचं नाव कुठंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तिची शंका योग्य होती. यादीतून चुकून गळालेल्या माणसासाठी तो नमुना लिहिलेलाच नाही.

पत्त्याचा पुरावा पुन्हा आडवा आला. या वेळी मी सुचवलं, आधारवरचा पत्ता इथला करून घ्या, म्हणजे प्रश्न मिटेल. तिनं मान हलवली. लाडकी बहीण योजनेचे अर्ज चालू होते ते हे दिवस. महिना दीड हजार. तिचा अर्ज आधारवरच्या जुन्या नावानं भरलेला, खातं त्याच आधारला जोडलेलं. आता आधारला हात लावला आणि पैसे अडकले तर? गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच म्हणणं होतं, आणि मी त्यांना हमी कुठल्या तोंडानं देणार? दीड हजार म्हणजे खोलीचं निम्मं भाडं. मत पाच वर्षांतून एकदा, भाडं दर महिन्याला. तिनं बरोबर हिशोब केला, असं मला आजही वाटतं.

अर्ज कागदाअभावी नामंजूर झाला. निर्णयाचा मेसेज गेला तो नवऱ्याच्या बंद पडलेल्या सिमवर. अशा निर्णयावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं. आम्हाला नामंजुरी कळली तेव्हा दिवाळीची साफसफाई चालली होती, मुदत केव्हाच उलटलेली.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. नवऱ्याचं नाव गावाकडं शाबूत, म्हणून त्याचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे. १९५१ च्या अधिनियमातलं कलम १३५ ब रोजंदारीवरच्या माणसालाही ती देतं. मोडलं तर मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. ठेकेदारानं त्या दिवसाचा पगार दिला, हे सांगितलं पाहिजे. पण गाव सव्वाशे किलोमीटरवर, आणि शेवटची एसटी तालुक्यापर्यंतच. आदल्या दिवशी दुपारी निघाला, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी परतला तो पहिली पाळी चुकवूनच. दीड दिवसाची मजुरी आणि भाडं. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पुरुषांना नाही.

जायला खरं तर फुकट गाडी होती. गावातून दर निवडणुकीला शहरात जीप येते, चौकात उभी राहते, चहा-नाष्ट्यासकट माणसं घेऊन जाते. कोणाची ते विचारायचं नसतं. मतदारांची अशी ने-आण उमेदवारानं भाड्याच्या गाडीनं करणं कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण आहे, कलम १३३ खाली गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. जीपमधून उतरणाऱ्याकडं सगळे बघत असतात. पण गरिबाला गावापर्यंत पोचवणारी एकमेव सोय बेकायदा असावी आणि कायदेशीर सोय काहीच नसावी, हे मला पटत नाही. त्याच्या गावचे कितीतरी कोयते, म्हणजे ऊसतोड जोड्या, तोवर साखर कारखान्यांवर पोचले होते. त्या वर्षी गाळप हंगामाला १५ नोव्हेंबरची तारीख होती आणि मतदान पाच दिवसांनी. उचल घेतलेला माणूस मुकादमाला थांब म्हणू शकत नाही. टपाली मतपत्रिका सैनिकाला आहे, निवडणूक कामावरच्या माझ्यासारखीला आहे. फडातल्या माणसाला नाही.

तो एकटाच गेला, एसटीनं. मत टाकून आला.

तिसरा अर्ज मी २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत केला, आणि या वेळी पद्धत बदलली. रात्री साडेआठला गेले. माझे मिस्टर गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबले, कारण त्या गल्लीत दिवे नसतात. सकाळी कुलपं दिसणाऱ्या सगळ्या खोल्या उघड्या होत्या. चुली, गॅस, मोबाइलवरची मालिका, अंगणात खाटा. दोन वर्षांत मी ज्या दारांपुढं ‘घर बंद’ लिहीत आले होते, ती माणसं तिथंच राहत होती, फक्त माझ्या वेळेला नसायची. बाईच्या खोलीत बसून जागेवरचा अहवाल लिहिला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता जोडला. हा दाखला मान्य कागदांच्या यादीत नाही, पण अहवालाला वजन येतं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक रात्र जाऊन आले. मोबाइल नंबर तिचा स्वतःचा टाकला. जूनमध्ये अर्ज मंजूर झाला.

जूनमध्ये झाला हे फार बरं झालं. महापालिका निवडणुकीसाठी वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात, आणि या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली. त्यानंतर कुणी कितीही अर्ज केले तरी या निवडणुकीपुरते उपयोगाचे नव्हते. खोली जुलैत बदललेला भाडेकरू जुन्याच प्रभागात राहिला. आमच्या शहरात आधीची निवडणूक एप्रिल २०१५ ची आणि २०२० पासून प्रशासक, म्हणजे पाण्याच्या टँकरसाठी कुणाच्या दारात जायचं हेसुद्धा लोक विसरले होते. निळ्या ड्रमवाल्यांना खासदारापेक्षा नगरसेवक जवळचा. आणि नेमकी तीच यादी त्यांच्यासाठी सर्वांत आधी गोठते.

डिसेंबरात दुबार मतदारांचा गाजावाजा झाला तेव्हा ती पुन्हा घाबरून आली. माहेरी, इथं, मधे एकदा कमी, पुन्हा इथं, म्हणजे आपणच ते दुबार की काय? मी यादी उघडून दाखवली. तिच्या नावापुढं दुबारची खूण असलेले तारे नव्हते. गल्लीतल्या दोघांच्या नावापुढं होते. एकाचं गावाकडं खरंच दुसरं नाव होतं, त्यानं ते स्वतः कमी करून घेतलं नव्हतं आणि तसं करावं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्याचं फक्त नाव-आडनाव कुणाशी जुळत होतं.

१५ जानेवारी २०२६ ला तिनं मत दिलं. प्रभागाची चार मतं, चार बटणं. तिसऱ्यानंतर ती बाहेर निघाली होती, मशीन वाजलं नाही म्हणून तिला परत बोलावलं. तिथून अकराच्या कामाला गेली, कारण सिडकोतल्या एका घरी पाहुणे होते.

नवऱ्याचं नाव अजून गावातच आहे. मी नमुना ८ दोनदा त्याच्या हातात दिला. बायकोचं झालं तसं त्याचंही होऊ शकतं. तो फॉर्म घडी करून खिशात ठेवतो. गावात दीड एकर सामाईक आहे, वडिलांचं घरकुल यादीत आहे, आणि ग्रामपंचायतीत ज्याचं मत नाही त्याच्याशी कुणी बोलत नाही, असं तो म्हणतो. खोली मालक कधीही सोडायला लावतो, गाव सोडायला लावत नाही. मी तिसऱ्यांदा फॉर्म दिलेला नाही.